तांबडा धागा आणि हिरवी नळी

मित्रांनो, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत खिडकीशेजारी खोळ पांघरून बसलेला मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझी भिंगे घासणारे हात मला आठवत नाहीत. मला आठवतो तो बाईंचा डोळा.

बाई इथल्या संशोधक. एकोणीस वर्षे त्या रोज सकाळी चष्मा कपाळावर सरकवून माझ्यावर वाकत. काचपट्टीवर कोवळ्या रोपाच्या देठाची साल असे. तिच्या प्रत्येक पेशीत एक सांगाडा असतो, पण तो हाडांसारखा स्थिर नसतो. त्यातल्या बारीक नळ्या सतत वाढतात आणि आखडतात. त्यांहून बारीक तंतूंवरून पेशीतला माल इकडून तिकडे जातो. बाईंनी नळ्या हिरव्या आणि तंतू तांबडे चमकतील अशी रोपे वाढवली होती. औषधाने नळ्या विरघळवल्या की तंतूंचीही घडी विसकटे. पण हे दोघे एकमेकांना धरतात असे बाई म्हणाल्या, की प्रयोगशाळेचे प्रमुख, मोठे सर हसत. "बाई, शेजारी राहतात म्हणून लगेच सोयरीक जुळवू नका!"

बाई हट्टाला पेटल्या. त्याच सुमारास त्यांच्या नजरेच्या मधोमध काळा डाग पडू लागला. डॉक्टरांनी हात टेकले.

एका दुपारी त्यांनी लेकीला बोलावून घेतले. लेक शिवणकाम करी, त्यामुळे धाग्यांवर तिची नजर बसलेली.

"काय दिसतंय तेवढंच सांग. मनाचं घालू नकोस."

"आई, हिरव्या नळीच्या टोकाला तांबडा धागा चिकटलाय. नळी वाढतेय तसा तोही पुढे सरकतोय. थांब, नळी आखडली. अगं, धागापण मागे आला!"

"सुटला नाही ना?"

"नाही गं. धरूनच आहे."

बाईंनी सवयीने डोळा माझ्या नेत्रिकेला लावला. त्यांना काही दिसले नसणार. तरी त्या बराच वेळ तशाच वाकून राहिल्या आणि माझी नेत्रिका ओली झाली.

माझ्यावर बसवलेल्या कॅमेऱ्याने ते सारे टिपले होते. ते पाहून सर म्हणाले, "चुकलो मी, बाई." पण त्यानंतर बाई आल्या नाहीत. शेजारच्या खोलीत नवे यंत्र आले. त्याचे सगळे पडद्यावर दिसते. इकडे माझ्या भिंगांवर बुरशीची जाळी धरू लागली आहे.

मित्रांनो, मऊ कापडाने मला एकदा पुसा. अजून मी बऱ्यापैकी दाखवीन. आणि जे दिसेल ते बाईंच्या घरी जाऊन त्यांना सांगा. काय दिसतंय म्हणून त्या अजून विचारतात, असे इथे झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणतात.