पाणी समान होईपर्यंत

"पाणी समान झाल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही. कुणी कितीही घाई करू दे." नवरा आन्सेल्म जाऊन बरीच वर्षं झाली, तरी कालव्याच्या दाराच्या झडपेचा दांडा फिरवताना लेओंतीनला त्याचा आवाज ऐकू यायचाच.

नावाडी फिर्मँचा कोळशाचा पडाव खालच्या कालव्यातून दगडी हौदात येऊन उभा होता; हौद भरला की नाव वरच्या कालव्यात जायची. मागचं दार तिने लावून घेतलं होतं. पुढच्या दाराच्या झडपेतून वरच्या कालव्याचं पाणी आत पडत होतं, आणि त्याबरोबर पडाव सावकाश वर चढत होता.

"मावशी."

ताडपत्रीखालून रेमीने डोकं बाहेर काढलं. दारूची पिंपं बांधणारा रेमी. त्याच्या हातून कॅफेवाला ब्रिस मेला, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ब्रिस बायकोला, ओदीलला, कसा मारायचा तेही ठाऊक होतं.

"जरा लवकर होईल का?"

"पाणी माझं ऐकत नाही, बाळा."

"वरच्या पुलापाशी ओदील थांबलीय. एकदा बेल्जियमात पोचलो की..."

"माणूस मारलास तू," ती हळू आवाजात म्हणाली.

"हो." त्याने मान खाली घातली. "मावशी, माझं काही झालंच, तर तिला सांगा, मी तिला टाकून गेलो. खरं कळलं तर ती ठाण्यावर जाईल, मीही सामील होते म्हणेल. मला वाचवायला."

"मी खोटं बोलत नाही, रेमी. त्यातून हे उपासाचे दिवस."

"म्हणून तर तुमचं तिला खरं वाटेल."

लेओंतीनने दगडांच्या भिंतीकडे पाहिलं. मग होकारार्थी मान डोलावली.

काठावरून सायकल येताना दिसली. रेमी ताडपत्रीखाली गेला. हवालदार कोलासने सायकल झाडाला टेकवली.

"काय लेओंतीनबाई, उपासात कॉफी तरी पाजता, की तीही देवाला वाहिली?"

तिने जपमाळ वर करून दाखवली. हौद भरेपर्यंत पडावासाठी 'नमो मरिया' म्हणायचं आणि मधे बोलायचं नाही, हा तिचा नेम साऱ्या कालव्याला माहीत होता. आज बोटांखालचे मणी मात्र सरकत नव्हते.

"कोळशाखाली काय रे, फिर्मँ?"

"कोळसा."

"तुझ्या थोबाडावरून वाटलंच." कोलास हसला आणि त्याने सायकल हातात घेतली. "निघतो. ओदील पेटी घेऊन पुलाकडे जाताना दिसली म्हणतात. तिला उचलली की ते पाखरू आपोआप पिंजऱ्यात येतंय."

पडाव जवळजवळ काठाच्या पातळीला आला होता. लेओंतीनने दाराकडे पाहिलं. अजून वीतभर पाणी भरायचं होतं.

ताडपत्री सरकली. रेमी उठून उभा राहिला, अंगावरचा कोळसा झटकला आणि काठावर उतरला.

"कोलास, पुलावर कशाला जाताय? मी इथे आहे."

कोलासला बेड्या सापडेनात. "आणि ती?"

"माझ्याबरोबर कशाला येईल ती? तोंडावर हसली माझ्या."

"बायका," कोलास म्हणाला. सायकल तिथेच ठेवून तो त्याला गावाकडे घेऊन निघाला. रेमीने पुलाच्या दिशेला एकदाही पाहिलं नाही. लेओंतीनकडेही नाही.

पाणी स्थिर झालं. तिने दार उघडलं.

"पोरीला मी नेतो पलीकडे," फिर्मँ घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पण ती एकटी यायला तयार होईल का?"

"तू सावकाश ये. मी पुढे जाते."

तिने ओला एप्रन काढून कठड्यावर टाकला, शाल घेतली आणि कालव्याच्या काठाने चालू लागली. चिखलात लाकडी बूट रुतत होते. पहिल्या वळणावर, आसपास कुणी नाही हे बघून, तिने म्हणून पाहिलं.

"तो तुला टाकून गेला, पोरी."

आवाज कापला. ती थांबली नाही. चालता चालता तिने ते पुन्हा म्हटलं, या वेळी जरा सरळ.