खांदेखुर्ची

मित्रांनो, चार पाय असूनही जिला माणसांच्या खांद्यांवरून चालावं लागतं, अशी मी एक जुनी खुर्ची आहे. काशीच्या दुर्गाघाटावर माझं आयुष्य गेलं. इथल्या गल्ल्यांत मोटार शिरत नाही. समोरून सांड आला, तर भिंतीला माणसानेच चिकटायचं असतं. आजाऱ्याला मोठ्या रस्त्यापर्यंत उचलून न्यावं लागतं. त्यासाठीच मला केलं.

मोडीत निघालेल्या नावेच्या फळ्यांतून रामनगरच्या एका सुताराने मला घडवलं. बसायला वेत विणला, दोन्ही अंगांना लोखंडी कड्या ठोकल्या, कड्यांतून दोन बांबू घातले. घाटावरच्या मराठी घरांनी मला मिळून करवून घेतलं होतं, आणि माझ्याबरोबर एक रीतही ठरवली होती. कुणाच्याही घरी दुखणं आलं, की बाकीच्या घरांनी एकेक खांदा द्यायचा. पुरुषांनी मला उचलायचं, इस्पितळात सोबतीला बसायचं. बायकांनी आळीपाळीने डबा पोचवायचा. आजाऱ्याच्या तोंडी परक्या हातची खिचडी जायची नाही, आणि मला परका खांदा लागायचा नाही.

खोटं कशाला बोलू? ती रीत चांगली होती. त्याच घरांतल्या ढुंढीकाकांच्या बायकोला बाळंतपणासाठी मीच नेलं, आणि तान्ह्या बकुळसकट परत आणलं ते मीच. तिची आई शेवटच्या आजारात पडली, तेव्हाही महिनोन्‌महिने चार खांदे कधी चुकले नाहीत. गल्लीतले लोक बाजूला होऊन म्हणायचे, मराठी लोगों का अपना इंतज़ाम है. खंडेनवमीला घरोघर हत्यारांची, अवजारांची पूजा व्हायची, तेव्हा ढुंढीकाका मला तेलाने पुसून झेंडूची माळ घालत. त्या दिवशी मी खुर्ची नसे, देव्हाऱ्यातली असे.

मग पोरं नोकऱ्यांना लागली. कुणी पुण्याला गेलं, कुणी नोएडाला. एका घराचं गेस्टहाऊस झालं, दुसऱ्याला कुलूप लागलं. मी ढुंढीकाकांच्या जिन्याखाली गेले. पूजा मात्र चुकली नाही. काका माळ घालून माझा फोटो मोबाइलवर साऱ्या कुटुंबाला पाठवत, आणि गावोगावचे पुतणे खाली जोडलेले हात टाकत. वेत कुठे सुटला आहे, हे फोटोत दिसत नसे.

बकुळ शहराच्या दुसऱ्या टोकाला एका कॉलेजात शिकवत होती. रविवारी यायची, औषधं लावून ठेवायची, डॉक्टरांकडे तीच न्यायची. काका तेव्हा अजून पायी चालत होते. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची एक नस अरुंद झाली आहे, उघडून घ्या. बकुळ म्हणाली, बाबा, सत्तरीपुढच्यांना मोफत उपचारांचं सरकारी कार्ड मिळतं, बनवून घेऊ या; सगळं त्यावर होईल, मी आहे सोबत.

काका हसले. "कार्डाला खांदे असतात का गं?"

हे वाक्य त्यांना इतकं आवडलं, की त्यांनी ते सगळ्या कुटुंबाला पाठवलं. पुतण्यांनी वाहवा केली. पुण्याच्या विश्वेशने लिहिलं, काका, सरकारच्या दारात तुम्ही कशाला? दिवाळीनंतर सुट्टी काढून येतो, आपण घरचे मिळून करू. रामनगरला राहणारा सुश्रुत म्हणाला, मुलीची परीक्षा झाली की मी आहेच. काका ते निरोप आल्यागेल्याला वाचून दाखवत आणि म्हणत, हा माझा विमा.

दिवाळी गेली. परीक्षाही झाली.

संक्रांतीच्या सकाळी बकुळ तिळगूळ घेऊन आली, तेव्हा काका जिन्याच्या खालच्या पायरीवर छाती धरून बसले होते. कडाक्याच्या थंडीत त्यांचं कपाळ घामाने निथळत होतं. बकुळने अॅम्ब्युलन्स बोलावली. ती मोठ्या रस्त्यावर येऊन थांबली. गल्लीच्या वळणात स्ट्रेचर फिरत नव्हतं. बकुळने मला ओढून बाहेर काढलं, काकांना बसवलं, शालीने बांधलं.

समोरच्या मराठी घरातले बिंदुमाधव गुडघ्याला पट्टा बांधून आले, सोबत त्यांचा मुलगा निनाद. दोन खांदे झाले. सुश्रुतचा फोन आला, पुलावर धुकं आहे, निघालोच. दाराशी दूधवाले यादवजी भावांना घेऊन उभे होते.

"बहिनजी, हम लोग उठा लें?"

काकांनी मान हलवली. "थांबू या. आपले येतायत."

"बाबा, मी धरते एक बाजू."

ते रागावले नाहीत. रीत समजावून सांगावी तसे म्हणाले, "तुझा खांदा यात धरत नाहीत, बाळ."

मित्रांनो, त्यांना नेणारे सगळे खांदे त्या अंगणात हजर होते. आम्ही मात्र नसलेल्यांची वाट पाहत होतो. बकुळने दोनदा सांगून पाहिलं. काकांनी माझा हात घट्ट धरून ठेवला, जणू मीच त्यांच्या बाजूने साक्ष देणार होते. गंगेवरचं धुकं हळूहळू गल्लीत उतरलं आणि काकांचे ओठ निळे पडू लागले. तेव्हा मात्र ती बापाला विचारायची थांबली. तिने पदर खोचला, एका बांबूचं पुढचं टोक खांद्यावर घेतलं आणि यादवांना म्हणाली, "उठाइए."

पहिल्यांदाच मला परके खांदे लागले. माझी पाठ एवढी सरळ कधीच राहिली नव्हती. पण वळणाशी पोचेपर्यंत काकांची पकड सुटली. मला कळलं. बहुधा तिलाही कळलं. ती थांबली नाही.

सुश्रुत मोठ्या रस्त्यावर भेटला. हातात हेल्मेट होतं.

संध्याकाळच्या विमानाने पुणेही आलं, नोएडाही आलं. तिरडीला खांदे इतके झाले, की पुढची बाजू कुणी घ्यायची यावरून हलकी बाचाबाची झाली. तेराव्यानंतर विश्वेश म्हणाला, ताई, ही खुर्ची मी पुण्याला नेतो, पॉलिश करून हॉलमध्ये ठेवतो. काकांची आठवण राहील.

बकुळ ताटं उचलत होती. मान वर न करता म्हणाली, "खांदा द्यायची तुमची हौस त्या दिवशी फिटली, विश्वेश. खुर्ची इथंच राहू दे. तिला काम आहे."

तिने माझा वेत नव्याने विणून घेतला, आणि गल्लीच्या तोंडाशी, यादवांच्या दुकानाबाहेर, एका खुंटीला मला टांगलं. कुलूप लावलं नाही. आता ज्याला गरज पडते तो मला नेतो. बसणाऱ्याला उचलणाऱ्याचं घराणं विचारायला सवड नसते. बाकीचं काम बकुळ करते; ती आता वडिलांच्या घरीच राहते. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना ती सरकारी कचेरीत नेऊन कार्डं करवून देते. कार्डाला खांदे नसतात हे तिला ठाऊक आहे. फोटोतल्या जोडलेल्या हातांनाही ते नसतात, एवढंच तिला आता अधिक ठाऊक आहे.

मित्रांनो, म्हातारपणी एकच मागते. कुणाला आपलं म्हणत असाल, तर त्याची नस अरुंद असते तेव्हा या. आणि येणं जमणार नसेल, तर तसं सांगा. त्याला दुसरं दार ठोठावता येईल.

यंदा खंडेनवमीला मला माळ पडली नाही. त्या सकाळी मी खुंटीवर नव्हतेच. यादवजींच्या आईला धाप लागली होती. तीन खांदे त्यांचे होते, चौथा बकुळचा.