शेहाताची बोटं

वगदीच्या पोटात दुखत होतं, आणि त्याचा सकाळी खाल्लेल्या बाकल्याच्या उसळ-पावाशी काही संबंध नव्हता. गायिका इन्शिराहबाईंची आजवरची सगळी गाणी त्याच्या स्टुडिओत, त्याच्याच कीबोर्डवर झाली होती. आता बाईंनी फोनवर सांगून टाकलं होतं की ईदच्या गाण्याला शेहाता वाजवेल, तू फक्त कॉम्प्युटर सांभाळ. सांगितलं तेही असं, जसं येताना कोथिंबीर आण म्हणावं.

हा शेहाता लग्नाच्या मांडवात वाजवणारा. त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती, शर्टाची वरची दोन बटणं कायम उघडी. पण अलेक्झांड्रियातल्या निम्म्या नवरदेवांना तोच हवा असायचा, आणि आता बाईंनाही. एकदा हे गाणं त्याने वाजवलं की पुढचं प्रत्येक गाणं त्याचंच, हे वगदी पुरतं ओळखून होता.

शेहाता बाईंबरोबर आला, चपला दाराशी काढल्या, चहात चार चमचे साखर घातली आणि कीबोर्डपाशी बसला. वगदी पडद्यावर रेकॉर्डिंगच्या सेटिंग लावत होता. शेहाता थोडा वेळ कौतुकाने बघत राहिला.

"उस्ताद, मला यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही लावाल ते बरोबर."

दुसरा कोणी असता तर या वाक्याने विरघळला असता. वगदीला तो साधेपणाही सहन झाला नाही. एवढ्यात इन्शिराहबाई असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजासाठी आतल्या खोलीत दार लावून गेल्या आणि शेहाताने वाजवायला सुरुवात केली.

काय वाजवत होता तो! ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळायचा, आता चुकणार असं वाटता वाटता अलगद समेवर यायचा. एक सूर दाबून, पुढचा नुसता पट्टीला बोट लावून. वगदीच्या अंगावर काटा आला आणि त्याचाच त्याला जास्त राग आला. त्याने वाईट वाजवलं असतं तर किती बरं झालं असतं.

कीबोर्ड स्वतःच्या आवाजात वाजत होता. कॉम्प्युटर आवाज टिपणार नव्हता. कुठली पट्टी, कधी आणि किती जोरात दाबली, एवढंच टिपणार होता आणि त्यावरूनच गाणं परत वाजणार होतं. सराव संपला. खरं रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी वगदीने दोन चौकटींत खूण केली. एकीने प्रत्येक सूर ओढला जाऊन ठेक्याच्या रेघेवर बसणार होता. दुसरीने सगळ्या पट्ट्यांचा जोर एकसारखा होणार होता.

शेहाताने पुन्हा तसंच वाजवलं, कदाचित जास्तच जीव ओतून. मग वगदीने ते परत लावलं.

गाणं सरळ चालत आलं. एक सूर मागे नाही, एक पुढे नाही, हळू नाही, जोरात नाही. शेहाताचा चेहरा पडला. तो आपल्या बोटांकडे बघायला लागला.

"हे मी वाजवलं?"

"मांडव वेगळा आणि स्टुडिओ वेगळा," वगदी समजुतीच्या सुरात म्हणाला. "मनाला लावून घेऊ नकोस." कितीतरी दिवसांनी त्याला चहा गोड लागला.

तेवढ्यात इन्शिराहबाई डोक्यावरची ओढणी सारखी करत बाहेर आल्या. दारातच थांबून त्यांनी अजून वाजत असलेलं गाणं थोडं ऐकलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"वगदी, शेहाताला वाजवू दे म्हटलं होतं ना मी? मग तू कशाला बसलास?"

"नाही हो बाई, मीच वाजवलंय हे," शेहाता ओशाळून म्हणाला.

"चल, काहीतरीच," बाई हसल्या. "उगाच त्याला पाठीशी घालू नकोस. इतकी वर्षं याच्या साथीवर गातेय, झोपेतसुद्धा ओळखेन मी याचं वाजवणं."

त्या चिडून बोलल्या नव्हत्या. उलट घरच्या माणसाशी बोलावं तशा बोलल्या, आणि सोफ्यावर बसून पर्समधल्या भाजलेल्या बिया सोलायला लागल्या.

वगदी पडद्याकडे वळला. स्वतःच्या वाजवण्यावर त्याने या दोन खुणा कधीच केल्या नव्हत्या. कधी गरजच पडली नव्हती.

त्याने एकेक करून दोन्ही खुणा काढल्या.

"परत घेऊ, शेहाता," तो म्हणाला. "माझ्याकडून राहिलं होतं काहीतरी."