वाघाची न्याहारी

बोरच्या जंगलात सफारीला जायचं ठरलं, त्या दिवसापासून आंजी गावच्या बापूरावांच्या घरात कोणाचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. परीक्षा संपल्या संपल्या नात नयनने घर डोक्यावर घेतलं होतं. मुलगा नीरज एरवी मोजकं बोलणारा, पण आता बाजारात भेटेल त्याला "आमी वाघ पाहाले चाललो" असं सांगत सुटला होता. जंगलात भडक कपडे चालत नाहीत असं सून रोशनीने कुठेतरी वाचलं आणि सगळ्यांची कपाटं उपसली, तर मातकट रंगाचा एकही कपडा निघेना. भाजीपाला पिकवणाऱ्यांच्या घरात कपडे मातकट होतात ते शेतात गेल्यावर. विकत आणताना माणूस लाल-पिवळंच आणणार. शेवटी बापूरावांनी फवारणीचा जुना सदरा चढवला आणि आरशासमोर इतका वेळ उभे राहिले की त्यांची बायको वच्छलाबाई म्हणाल्या, "अवो, वाघ काई तुमाले पाहाले येऊन नाई राह्यला."

त्याही हसत होत्या. पण वाघ पाहायची खरी गरज त्या घरात एकट्या वच्छलाबाईंनाच होती, आणि नयन सोडून सगळ्यांना ते ठाऊक होतं.

झालं होतं असं. दिवाळीच्या सुमारास त्या नेहमीप्रमाणे अंधारातच वांगी तोडायला शेतात गेल्या. भाजी वर्ध्याच्या बाजारात वेळेवर पोचवायची तर उजाडायच्या आत तोडावी लागते. लग्न होऊन आल्यापासून त्यांचा हा नेम. धुऱ्यालगत, म्हणजे शेताच्या बांधापाशी, पाणी दिलेल्या ओल्या मातीत, बॅटरीच्या उजेडात त्यांना वाघाच्या पंजाचा ठसा दिसला. त्यांनी वाकून आपला तळहात त्यात ठेवला. तळहात मावला आणि वर जागा उरली. टोपली तिथेच टाकून त्या घरी आल्या, त्या पुन्हा काही पहाटे शेतात गेल्या नाहीत. वनखात्याची माणसं आली, वाघ नुसता वाटेने गेलाय म्हणून सांगून गेली. गाव विसरलं. वच्छलाबाई विसरल्या नाहीत. उन्हं वर आल्यावर त्या शेतात जायच्या, त्याही तोंड मिटून, पाय न वाजवता, एखाद्या चोरासारख्या.

आता वच्छलाबाईंनी तोंड मिटणं म्हणजे काय, हे आंजीत कोणालाही विचारा. रोही, म्हणजे शहरातले लोक ज्याला नीलगाय म्हणतात ते जनावर, पिकात शिरलं की त्या धुऱ्यावर उभ्या राहून असा हाकारा घालायच्या की रोही तर पळायचेच, शेजारच्या शेतातले बैलही कान टवकारायचे. तो आवाज बंद झाला आणि रोह्यांचं फावलं. बापूराव एकटेच वांगी तोडायचे, एकटेच रोही हाकलायचे आणि बायकोला एका शब्दाने बोलायचे नाहीत. हेच वच्छलाबाईंना जास्त लागायचं. नवऱ्याने भांडण काढलं असतं तर परवडलं असतं.

"एक डाव त्याले डोळ्यानं पाहू द्या मले," एका संध्याकाळी त्या म्हणाल्या होत्या. "पंजाच पाह्यला, वाघ नाई पाह्यला. म्हणून डोक्यातल्या डोक्यात तो वाढून राह्यला. पाह्यला की जेवढा हाये तेवढाच राहीन."

नीरजने दुसऱ्याच दिवशी सफारीची उघडी जिप्सी बुक केली. नयनचा मात्र समज होता की हे सगळं आपल्या हट्टामुळे घडलंय, आणि तो समज कोणी मोडला नाही.

पहाटे मंडळी भाजी वाहायच्या ‘छोटा हत्ती’ टेम्पोतून निघाली. पुढे नीरज, बापूराव आणि त्यांच्या मांडीवर नयन. मागे पोत्यांवर सासू-सून. गाडीला कालच्या सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास होता. रोशनीने दोनदा विचारलं, "आई, थंडी वाजून राह्यली का?" वच्छलाबाईंनी पदर कानांभोवती लपेटून घेतला, पण थंडीमुळे नव्हे. इतक्या अंधारात त्या कितीतरी दिवसांनी घराबाहेर पडल्या होत्या. भीतीही वाटत होती आणि आतून आनंदाच्या उकळ्याही फुटत होत्या, जत्रेला निघालेल्या पोरीसारख्या.

गेटवर फोन जमा झाले. प्रफुल नावाचा गाइड जिप्सीत पुढे चढून बसला. पोरगेलासा, पण बोलणं हेडमास्तरांसारखं. "खाली उतराचं नाई, हात बाहेर काढाचा नाई, आन् आवाज तं अजिबात नाई. जंगलात कान उघडे, तोंड बंद."

"माय, आयकलं का?" नीरजने मागे वळून विचारलं.

"मलेच काऊन सांगतं रे?" वच्छलाबाई म्हणाल्या. "तुह्या बापाले सांग. तो घोरते."

जिप्सी आत शिरली आणि सगळ्यांचं वय एकदम नयनएवढं झालं. पानं गळालेल्या सागांमधून ऊन तिरपं येत होतं. खाली मोहाची फुलं पडली होती आणि चितळं ती वेचून खात होती. नयनला प्रत्येक खोडात वाघ दिसत होता. रोशनी तिला गप्प करता करता स्वतःच "अवं बाई, तो मोर पाह्य" असं कुजबुजत होती. बापूराव लोखंडी दांडा धरून उभे राहिले होते आणि निवडून आल्यासारखे दोन्ही बाजूंना पाहत होते. वच्छलाबाई तेवढ्या खाली बसून होत्या. प्रत्येक वळणाला त्या सीटची कड धरायच्या. वळण संपलं की वाघ नसायचा, मग जीव भांड्यात पडायचा आणि लगेच हिरमोडही व्हायचा. दिसावा असंही वाटे, दिसू नये असंही वाटे.

एका नाल्यापाशी प्रफुलने हात वर केला. ड्रायव्हरने गाडी बंद केली. दूर कुठेतरी चितळ ओरडलं, तुटक, घाबरलेलं. झाडावरची वांदरंही खाकरू लागली.

"धोक्याचा कॉल हाये," प्रफुल अगदी हळू म्हणाला. "इथंच हाये तो. कोणी हलू नका."

मागून आणखी दोन जिप्स्या येऊन थांबल्या. कोणी खोकेना. नयनने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. नीरज झुडपं न्याहाळत होता, बापूराव नाल्याच्या पलीकडे, प्रफुल रस्त्यावर. वच्छलाबाईंना कुठे पाहावं ते कळेना. हातातली स्टीलची पाण्याची बाटली त्यांनी घट्ट धरली होती. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि समोर वाळलेलं पिवळं गवत नुसतं चकाकत होतं.

अशात नाल्यातून रोही वर आले. पुढे काळपट नर, मागे माद्या, सोबत एक पिल्लू. नाल्याकाठी थोडी हिरवळ शिल्लक होती. वांग्याच्या वाफ्यात येतात तसेच ते सावकाश, हक्काने आले. नराने मान खाली घातली आणि कोवळ्या हिरव्या पाल्याला तोंड लावलं.

पुढचं वच्छलाबाईंनी केलं नाही, ते त्यांच्याकडून झालं. त्या ताडकन उभ्या राहिल्या. स्टीलची बाटली जिप्सीच्या लोखंडी दांड्यावर खणखण वाजली आणि दिवाळीपासून पोटात कोंडून राहिलेला आवाज एका दमात बाहेर पडला.

"हुर्रर्रऽऽ! हाऽऽड! हाऽऽड मेल्याहो! हुर्रर्रऽऽ!"

जंगल दणाणलं. रोही उधळले. पाखरं उडाली. प्रफुलने कपाळावर हात मारला आणि मागच्या जिप्सीतून कोणीतरी "अहो बाई" म्हणून ओरडलं. नीरजने "माय!" म्हणत त्यांचा पदर खेचला. वच्छलाबाईंना तेव्हा कळलं की हे आपलं शेत नव्हे. लाजेने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या आशेने सगळे आले आणि आपणच वाटोळं केलं.

"आजी," नयन म्हणाली. तिने तोंडावरचा एक हात काढून गवताकडे बोट केलं. "आजी, पाह्य."

रोही जिथे चरत होते तिथून जवळच पिवळं गवत उभं राहिलं. निदान वच्छलाबाईंना तसंच दिसलं. मग त्या गवताला पट्टे दिसले, खांदे दिसले, एक मोठं रुंद तोंड दिसलं. सगळे जंगलभर ज्याला शोधत होते तो इतका वेळ त्यांच्या डोळ्यांसमोर पोट जमिनीला लावून रोह्यांवर टपून बसला होता.

वाघाने आधी पळणाऱ्या रोह्यांकडे पाहिलं. मग मान वळवून त्याने जिप्सीकडे पाहिलं. जिप्सीत एकच बाई उभी होती, हातात बाटली घेतलेली. वच्छलाबाईंच्या आणि त्याच्या मध्ये काहीसुद्धा नव्हतं. पण त्यांची नजर हलली नाही. तो खरोखरच मोठा होता. त्यांनी डोक्यात वाढवून ठेवला होता त्यापेक्षा मात्र लहान. आणि त्याचं पोट खपाटीला गेलेलं होतं. ते त्यांनी नीट पाहिलं, कारण जनावराचं पोट आधी पाहायची त्यांच्या डोळ्यांना सवयच होती.

मग वाघाने तोंड फिरवलं. घाई केली नाही, गुरगुरला नाही. सावकाश रस्ता ओलांडला आणि सागांत दिसेनासा झाला.

बापूराव धपकन खाली बसले. मग सगळे एकदमच बोलू लागले. नयन रडतही होती आणि हसतही होती. रोशनीने सासूला घट्ट मिठी मारली. असं तिने लग्न झाल्यापासून कधी केलं नव्हतं. बापूराव "पाह्यलं का? पाह्यलं का?" असं जो पाहून चुकला होता त्यालाच विचारत होते. प्रफुलला रागवावं की हसावं ते उमजेना.

"काकू, नियम म्हंजे नियम," तो अखेर म्हणाला. "पुन्हा असं केलं तं मले गाडी माघारी न्या लागन. पण खरं सांगू, तुमी ओरडल्या नसत्या तं तो दिसलाच नसता. लय येळचा दबा धरून बसला असन. आता पुन्हा शिकार कधी जमते त्याले, देव जाणे."

वच्छलाबाई वाघ गेला त्या सागांकडेच पाहत राहिल्या. बाकीच्या सफारीत त्यांनी ना गवा धड पाहिला, ना धरणाचं पाणी.

परतताना हिंगणीच्या एका टपरीवर सगळे तर्री-पोहे खायला थांबले. तिथे वाघाची कथा टपरीवाल्याला सांगून झाली, मग चहा पिणाऱ्यांना, मग नीरजने फोन लावून लावून अर्ध्या आंजीला सांगितली. प्रत्येक वेळी वाघ थोडा जवळ येत होता. बापूराव तर वच्छलाबाईंच्या हाकाऱ्याची नक्कल करून दाखवत होते. वच्छलाबाईंच्या पुढची प्लेट तशीच होती. वर तर्रीचं तेल थंड होऊन बसलं होतं.

रोशनी जवळ सरकली. "आई, खाऊन घ्या नं. अजून भेव वाटून राह्यलं का?"

वच्छलाबाईंनी मनात चाचपून पाहिलं. भीती नेहमी जिथे बसलेली असायची तिथे आता भलतंच काहीतरी टोचत होतं.

"भेव नाई वं," त्या म्हणाल्या. "त्याच्या तोंडचा घास गेला माह्यापायी. पोट पाह्यलं नाई का तू त्याचं?"

"तुले खाल्लं असतं तं भरलं असतं," बापूराव म्हणाले आणि सगळी टपरी हसली.

"हासू नका," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आपण अंधारात उठून, बाजारात पाटी मांडून बसतो. गिऱ्हाईक जवळ आलं आन् कोणी हाकलून देल्लं तं कसं वाटते आपल्याले? तसाच बसला होता तो. एक शब्द नाई बोलला मले. उठला आन् गेला बिचारा."

बापूरावांचं हसू विरलं. एक शब्दही न बोलणारा दुसरा कोण, हे त्यांना कळलं असावं. ते चहाच्या ग्लासाशी चाळा करत राहिले.

"उद्या वांगे तोडाले मी येईन," वच्छलाबाई म्हणाल्या. "मले उठवजा."

बापूरावांनी मान हलवली. मग बायकोसाठी गरम तर्री मागवली. पण नयन आजीला चिकटून बसली होती, तिने घाबरून विचारलं, "आजी, आन् तो आपल्या वावरात आला तं?"

वच्छलाबाईंनी पोह्यांची प्लेट पुढे ओढली. "मी आवाज देत देतच जाईन," त्या म्हणाल्या. "तरी आला तं बाप्पा, पोटभर जेवून जाय म्हणा. रोही काई कमी हायेत का आपल्या धुऱ्यावर?"