माळ्यावरची विमानं

रुद्राणी शिडीच्या वरच्या पायरीवर उभी राहून माळ्यावरची पुस्तकं खाली देत होती. खाली तिचा धाकटा दीर रेवणसिद्ध एकेक पुस्तक घ्यायचा, मांडीवर आपटून धूळ झाडायचा आणि गोणपाटावर ठेवायचा. पुस्तकं जाड होती, इंग्रजी होती, आणि सगळीच्या सगळी विमानांची होती.

"एवढं वजन माळ्यानं पेललं कसं म्हणतो मी!"

"तुळई सागाची आहे," रुद्राणी म्हणाली.

त्याला उत्तर नको होतं, हे तिच्या मागाहून लक्षात आलं. तिचा नवरा महांतेश गेल्यापासून असंच चाललं होतं. कुणी काही बोललं की ती नुसत्या शब्दांना उत्तर द्यायची. बोलणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते उशिरा कळायचं, कधी कळायचंही नाही.

महांतेशला जाऊन महिना होत आला होता. मंडी बाजारातलं किराणा दुकान आता रेवणसिद्ध एकटा बघत होता. साबणाची, शाम्पूच्या पुड्यांची, नव्या नव्या बिस्किटांची खोकी कंपन्यांच्या गाड्या दर आठवड्याला टाकून जात आणि ती ठेवायला जागा नव्हती. मागच्या खोलीचा माळा मोकळा करू का, असं त्यानं सरळ विचारलं होतं. ती "करा" म्हणाली होती. ती ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. रजा संपली त्याच दिवशी ती फळ्यापुढं जाऊन उभी राहिली होती. घरी आली की ओट्यापाशी उभ्या उभ्या जेवायची, भांडी घासायची, दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करायची. रडली मात्र नव्हती. गल्लीतल्या बायकांनी आधी तिच्या धीराचं कौतुक केलं, मग त्या आपसांत वेगळं बोलायला लागल्या.

"रद्दीवाल्या धुळाजीला सांगून ठेवलंय," रेवणसिद्ध म्हणाला. "गाडा घेऊन येतो म्हणला. पुड्यांना हा कागद चालत न्हाई वहिनी, लई गुळगुळीत हाय. नाहीतर दुकानातच..." त्यानं वाक्य गिळलं.

"हो. घडी बसत नाही त्याला."

उंबऱ्यापाशी नीलाबाई सूप घेऊन तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. सासू-सुनेत महिनाभर कामापुरतंच बोलणं होतं.

पुस्तकांची सुरुवात पुडीतूनच झाली होती. पूर्वी दुकानाला हैदराबादहून रद्दीचे गठ्ठे यायचे. एकदा जिऱ्याची पुडी बांधता बांधता महांतेशच्या हाताखाली एक लाल विमान आलं. निळ्या समुद्रावर, एका अंगावर कलंडलेलं, आणि चाकांच्या जागी दोन लांबट होड्या. त्यानं पुडी सोडली, जिरं परत डब्यात ओतलं आणि गठ्ठ्यातून ते पुस्तक उपसून काढलं. सत्तर वर्षांपूर्वी समुद्रकाठी खांब उभे करून त्यांच्याभोवती विमानांच्या शर्यती लावत, त्यांची ती हकीकत होती. शेवटच्या फेरीची पानं तेवढी नव्हती. गुळगुळीत असूनही ती मोहरी, हळद, खोबरं होऊन गावभर पांगली होती. त्यानं गिऱ्हाइकांना विचारून पाहिलं. "कागद परत मागणारा वाणी पहिल्यांदाच बघितला," असं म्हणत लोक वर्षभर हसले.

मग तो मालाच्या खरेदीला हैदराबादला गेला की रविवारी मुक्काम करायचा. फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत त्याच पुस्तकाची धड प्रत शोधायचा. ती कधी मिळाली नाही. तिच्या शोधात बाकीची मिळत गेली. ज्या गावाला अजून आगगाडी आली नव्हती, तिथं एका किराणा दुकानाच्या माळ्यावर जगातल्या निम्म्या शर्यतींची विमानं येऊन बसली. महांतेश स्वतः विमानात कधी चढला नाही. इंग्रजीही त्याचं बेताचंच होतं. अडलेल्या ओळीवर बोट ठेवून तो आतल्या घरात हाक मारायचा.

"बस ना जरा. हे बघ काय लिहिलंय."

"उभ्यानंच सांगा. कुकर लावलाय."

"खांबाला वळसा घालताना वैमानिकाला अंधारी येती म्हणं. कावून गं?"

तिनं सांगितलं होतं. वेगात वळताना माणसाचं वजन चारपट, पाचपट होतं. रक्त डोक्यातून पायांकडं उतरतं. आधी रंग जातात, सगळं करडं होतं. मग दिसणंच जातं.

"आणि ऐकू येणं?"

"ते मागं राहतं. दिसेनासं झालं तरी ऐकू येत असतं."

"म्हणजे बायको काय म्हणती ते ऐकावंच लागतंय!"

"बायकोला जागा नसते त्यात. एकाचीच असते."

तो खळखळून हसला होता. मग पुन्हा "बस ना" म्हणाला होता, पण तोवर शिट्टी झाली होती.

गोणपाट भरत आलं. रुद्राणीनं माळ्याच्या कोपऱ्यात हात फिरवला. हाताला काही लागलं नाही. ती खाली उतरली.

रेवणसिद्धनं खुंटीवरची कापडी पिशवी काढली. दवाखान्यातून आल्यापासून ती तिथंच होती. त्यात एक पेला होता, टॉवेल होता, आणि टॉवेलात गुंडाळलेलं ते पहिलं पुस्तक होतं. त्यानं ते नुसतंच हातात धरलं.

"हे पण?"

"ते पण."

"पाणी पिऊन येतो," असं म्हणून त्यानं पुस्तक गोणपाटावर न ठेवता आईजवळ उंबऱ्यावर ठेवलं आणि दुकानात गेला.

नीलाबाईंनी हात पदराला पुसले. इतक्या वर्षांत त्यांनी या पुस्तकांना कधी हात लावला नव्हता. त्यांनी ते मांडीवर घेतलं.

"हेच आणायला गेलतीस?"

"हो."

महांतेशला अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्याची जीभ जड झाली होती. दवाखान्यात दोन दिवस त्याचं बोलणं कुणाला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तो स्पष्ट म्हणाला, "विमान." खाटेच्या एका बाजूला आई होती, दुसऱ्या बाजूला बायको. आईनं पदर तोंडाला लावला आणि शिवनाम सुरू केलं. लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. बांबूचं आणि केळीच्या खांबांचं मखर बांधतात, त्यात त्याला बसवतात आणि बसलेलाच नेतात. त्या मखराला विमान म्हणतात. रुद्राणीला संताप आला होता. "त्यांना पुस्तक हवंय, आत्याबाई," असं म्हणून ती ताडकन उठली होती. रिक्षानं घरी आली, माळ्यावर चढली, नेमकं हेच पुस्तक शोधून परत गेली. तोवर त्याच्या तोंडावरून चादर ओढलेली होती.

मग विमान बांधलं गेलं. नीलाबाई येईल त्याला सांगत राहिल्या, "माझ्या लेकानं स्वतः मागून घेतलं विमान." ऐकणारे हात जोडायचे. रुद्राणी भिंतीशी उभी राहून ते ऐकायची. त्यानं पुस्तक मागितलं असेल, तर ती गेली ते बरोबर होतं. दुसरं विमान मागितलं असेल, तर त्याच्या शेवटच्या घटकेला ती रिक्षात बसून एका फाटक्या पुस्तकामागं धावत होती. सोडवायचं होतं ते एवढंच. आणि सोडवायला हाताशी काहीच नव्हतं.

नीलाबाई त्या लाल विमानाकडं बघत होत्या.

"ह्यात बसतेत व्हय माणसं? कुठं?"

रुद्राणीनं वाकून दाखवलं. पंखांच्या मागं एक बारकं भोक होतं आणि त्यातून वर आलेलं टोपीचं डोकं.

"एकालाच जागा?"

"एकालाच. खांदे घासतात."

"बसूनच?"

"बसूनच."

"आपल्यावानीच की," नीलाबाई म्हणाल्या.

त्यांनी चित्रावरून अंगठा फिरवला. दुकानात कुणीतरी पावशेर साखर मागत होतं. रेवणसिद्धनं प्लॅस्टिकची पिशवी फट्‌दिशी उघडल्याचा आवाज आला.

"त्यो नुसतं विमान न्हाई म्हणला गं."

रुद्राणी सरळ उभी राहिली.

"विमान, बस, असं म्हणला. बस हे मागून म्हणला. तू दाराबाहेर पडलतीस तवा."

"बस?"

"बस."

"बस म्हणजे कसं? जोडून म्हणाले, का थांबून?"

"आता ते कसं सांगू बाई. जीभ कुठं वळत हुती त्याची."

"कुणाकडं बघत होते?"

"डोळे मिटलेले हुते."

"मग मला बोलावलं का नाही?"

"तोवर लांब गेलतीस. मला वाटलं, येशील." नीलाबाईंनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. एक खडा वेचला आणि बाजूला टाकला. "म्या कुणाला बोलले न्हाई. विमान मागितलं एवढंच सांगितलं लोकांला. तेच बरं हुतं."

"कुणाला बरं?"

नीलाबाई तूर निवडत राहिल्या, पण बोटं निवडलेल्या तुरीतच फिरत होती.

रुद्राणीनं सवयीनं तो शब्द मांडून पाहिला. विमान, बस: विमान पुरे झालं. विमानात बस, असं तो स्वतःलाच म्हणाला असेल. किंवा विमान राहू दे, तू बस. तिन्ही अर्थ बसत होते. स्वर कळला असता तर दोन गळून पडले असते. तिला त्याचा स्वर आठवायचा होता, पण ती तेव्हा दाराबाहेर होती. बाहेर लांब व्हरांडा होता, त्यापुढं फरशीचा जिना, आणि तिच्या पायांत कडक तळाच्या चपला होत्या. त्यांचा आवाज जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत ऐकू येत राहिला असणार. डोळे मिटलेल्या माणसालाही.

रस्त्यावर गाड्याची घंटी वाजली.

"रेवणशेट! रद्दी काढली का?"

रेवणसिद्ध मागच्या खोलीच्या दारात आला. "वहिनी, धुळाजी आलाय. काय सांगू?"

ती शिडी आणि गोणपाट यांच्या मधोमध उभी होती. नीलाबाईंनी सूप उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलं. उंबऱ्यावर एका माणसापुरती जागा झाली. पुस्तक त्यांच्या मांडीवरच होतं.

रुद्राणी आधी एका हातानं चौकट धरून थोडी वाकली. इतक्या दिवसांनी गुडघे मुडपायला वेळ लागला. मग ती बसली. खांद्याला खांदा घासला. सासूनं पुस्तक थोडं तिच्या मांडीवर सरकवलं, थोडं स्वतःच्या मांडीवर राहू दिलं.

"वहिनी?"

तिनं ऐकलं. पुस्तक जिथं संपत होतं तिथं ती उघडत होती. शिवणीच्या दोऱ्याला फाडलेल्या पानांच्या बारीक कडा अजून चिकटून होत्या. त्यांवरून बोट फिरवताना तिच्या हनुवटीवरून काहीतरी खाली पडलं आणि गुळगुळीत कागदावर तसंच थेंबासारखं उभं राहिलं.

रेवणसिद्ध आवाज न करता मागं फिरला. दुकानाच्या फळीवरून तो बाहेर हळू आवाजात बोलला, पण मागं सगळं ऐकू आलं.

"आज ऱ्हाऊ दे, धुळाजी. वहिनी बसल्यात."