नऊ किलोवॅटचा बडेजाव

मित्रांनो, हिटर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे बादलीत सोडायची ती वेटोळ्याची कांडी येत असेल. तो मी नव्हे. मी घामाच्या खोलीचा हिटर आहे. शहरातले लोक त्या खोलीला सौना म्हणतात. चारही भिंतींना लाकडी फळ्या ठोकलेली छोटी बंद खोली, बसायला बाकडं आणि कोपऱ्यात मी. माझ्या पोटातल्या तारा तापल्या की वरचे काळे दगड तापतात, खोलीत ऊब भरते आणि माणसाचं आखडलेलं अंग सैल पडतं. हे सगळं मी तोऱ्यात सांगतोय खरं, पण उभ्या आयुष्यात मी फक्त आठ मिनिटं तापलो आहे. आज माझ्यावर कांद्याची दोन पोती आहेत.

माझा जन्म एका कारखान्यातला. पत्रा कापला, वाकवला, तारा बसवल्या आणि कपाळावर चकचकीत पट्टी चिकटवली, ‘नऊ किलोवॅट, थ्री फेज’. ती पट्टी माझ्या डोक्यात गेली. संभाजीनगरच्या दुकानात माझ्या शेजारी एक साडेचार किलोवॅटचा हिटर होता. मी त्याला ‘बारक्या’ म्हणून हिणवायचो. दुकानात गिऱ्हाईक आलं की मी मनात म्हणायचो, ‘बघा, बघा, इकडे बघा.’ आणि एक दिवस धामणगाव बढ्याच्या उकंडरावांनी माझ्याकडे बघितलं.

उकंडराव म्हणजे बरी शेती असलेला, हौशी आणि मनाने वाईट नसलेला माणूस. त्यांच्या घरी ते आणि त्यांची बायको रुखमाबाई, दोघंच. पावसाळ्यात रुखमाबाईंना चिकनगुनिया झाला. ताप गेला, पण बोटं आखडली. मूठ उघडेना. जन्मभर जिने भाकरी थापल्या, तिला पिठाचा गोळाही धरता येईना. दिवाळीत त्या नाशिकला लेकीकडे गेल्या. लेक पुष्पांजली तिथे दवाखान्यात नर्स आहे. तिने आईला आठ दिवस एका सौनात नेऊन बसवलं आणि बोटांचा व्यायाम करून घेतला. आठव्या दिवशी रुखमाबाईंनी एक भाकर थापली. वाकडीतिकडी, पण आपल्या हाताने. घरी आल्यावर त्या येणाऱ्याजाणाऱ्याला तीच एक भाकर सांगत बसायच्या.

डॉक्टरांनी बजावलं होतं, “चार-पाच महिने रोज शेक आणि रोज हालचाल. बोटं आखडू देऊ नका, नाहीतर तशीच राहतील.” तेव्हा रुखमाबाई रोज सकाळी चुलीत वीट तापवायच्या, फडक्यात गुंडाळायच्या आणि हातात धरून बसायच्या. त्याने थोडं बरं वाटायचं. पण उकंडरावांना ते बघवेना. “इटा कायले धरतं व? तुह्यासाठी घरीच तशी खोली करतो,” ते म्हणाले आणि त्यांनी कामाला सुरुवात केली. मागच्या पडवीत चूल होती, तीच जागा आडोशाची म्हणून खोलीला निवडली. चूल फोडली. वीट तापवायची सोय गेली, पण दोन दिवसांत हिटर येणार होता ना!

दोन दिवसांचा महिना झाला. मग संक्रांत उलटल्यावर उकंडराव मला घ्यायला आले. दुकानातल्या संघपालने त्यांना पहिल्यांदा विचारलं, “काका, खोली केवढी आहे?”

“सहा बाय सहा.”

“मग हा साडेचारचा भरपूर झाला. घरच्या साध्या लाइनवर चालतो. फक्त वायर जाड टाकून घ्या. मोठ्याला थ्री फेज लागते.”

“थ्री फेज आहे ना आमच्या इहिरीवर! लहान नेला तं लोक म्हणतीन, उकंडरावानं खेळणं आणलं.”

मित्रांनो, आमच्या शिवाराची रीतच तशी आहे. पाच एचपीची मोटर पुरत असली तरी साडेसातची बसवायची. शेजाऱ्याची साडेसातची असेल तर आपली दहाची. पाणी तेवढंच निघतं, पण पारावर बसल्यावर सांगायला आकडा मोठा लागतो. उकंडरावांनी मलाही मोटर घेतल्यासारखंच घेतलं. संघपालने शेवटचं विचारलं, “आत बसणार कोण? त्यांना आणलं असतं तर बरं झालं असतं.”

“आमच्या घरची बसणार. तिले काय समजते मशिनीतलं!”

संघपालने बिल करताना सांगितलं की महिनाभरात बदलून मिळेल. मी मात्र बारक्याकडे बघून छाती फुगवली. आता आठवलं की लाज वाटते.

गावात माझं स्वागत झालं. हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पेढे वाटले. “नऊ किलोवॅट!” उकंडराव प्रत्येकाला सांगत होते. वायरमन हरिओमने मात्र कपाळावर हात मारला. “बाबा, घरात सिंगल फेज आहे. हे धूड चालन कशावर? थ्री फेजसाठी अर्ज करा.”

“अर्ज करू मंग. आता इहिरीवरून वायर वढ.”

“नाई झेपणार बाबा. अन् हे नियमातही नाई.”

“अरे, तू वढ त खरं बे!”

हरिओम नको नको म्हणत होता, पण वडीलधाऱ्या माणसापुढे त्याचं काही चाललं नाही. वायर आली. रुखमाबाई बाकड्यावर येऊन बसल्या. बटण दाबलं आणि मी तापायला लागलो. अहाहा! काय सांगू ते सुख! दगडांना ऊब चढली. रुखमाबाईंनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले, डोळे मिटले. पाचव्या मिनिटाला त्यांचा अंगठा सुटला. सातव्या मिनिटाला उजव्या हाताची दोन बोटं सरळ झाली. त्या आतूनच ओरडल्या, “अवो, पाहा ना, बोटं उघडून राह्यली!” त्यांचा तो आवाज मी कधी विसरणार नाही. आणि तेवढ्यात फट्‌ करून आवाज झाला. माझ्या तारा थंड पडल्या.

शेताच्या लाइनला दिवसाचे आठ तासच थ्री फेज येते. ती आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. खांबावरची डीपी, म्हणजे शिवाराला वीज देणारी पेटी, आधीच जेमतेम ओझं ओढत होती, त्यात मी पडलो. डीपी जळाली. पाच दिवस कुणालाच पाणी देता आलं नाही, आणि गहू ऐन ओंबीवर होता. शेजारचे नारायणराव दारात येऊन उभे राहिले.

“उकंडराव, तुमच्या घामापायी आमचा गहू वाळून राह्यला. माणसानं काही इचार कराव का नाई?”

उकंडरावांनी मान खाली घातली. वायर त्याच दिवशी निघाली. चूक त्यांची होती आणि ती त्यांना कळलीही होती. रुखमाबाई हळूच म्हणाल्या, “अवो, तो लहानवाला घेऊन या ना. मले लहान चालते.” मी कान टवकारले. खरंच सांगतो मित्रांनो, त्या क्षणी माझा सगळा ताठा उतरला होता. मला परत न्या, बारक्याला आणा, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

पण उकंडराव म्हणाले, “आता लहान आणला तं गावात हसं होईन. अर्ज देतो, थ्री फेज घेतो. थोडी कळ काढ.”

गहू निघाल्यावर अर्ज देऊ, असं ठरलं. मग हळद शिजवायची राहिली होती. मग कांदा आला. बदलून घ्यायचा महिना कधीच उलटून गेला. रुखमाबाई रोज खोलीत यायच्या, बाकड्यावर बसायच्या आणि माझ्या थंड दगडांवर हात ठेवायच्या. चूल नव्हती, म्हणून निखाऱ्यात तापवलेली वीट नव्हती. गॅसवर पाणी तापवायच्या, पण गरम फडकं पिळायलाही बोटं लागतात, आणि तीच तर त्यांच्याकडे नव्हती. उकंडराव शेतात असायचे. पुष्पांजलीने फोनवर विचारलं की रुखमाबाई म्हणायच्या, “हाव, हिटर आणला बाबांनी. मोठा आहे.” तो बंद पडलाय, हे त्या सांगत नसत. नवऱ्याची झाकली मूठ त्यांनी झाकलेलीच ठेवली.

गुढीपाडव्यानंतर दोघं मोताळ्याला डॉक्टरांकडे गेले. परत आले तेव्हा उकंडराव थेट या खोलीत आले आणि बाकड्यावर मटकन बसले. रुखमाबाई दारात उभ्या राहिल्या.

“मी उद्याच जातो,” उकंडराव म्हणाले. “लहानवाला आणतो. लोक हसतीन तं हसू दे.”

“आता कायले? डॉक्टरनं सांगतलं ना. बोटं अशीच राहतीन. येळेवर शेक नाई भेटला म्हणे.”

“त्या दिवशी तू बोलली होतीस तवा…”

“मी तं बोलली. तुम्ही ऐकलं कुठं?”

आवाजात राग नव्हता, हेच फार वाईट होतं. उकंडराव तोंडावर उपरणं घेऊन रडले. रुखमाबाई दारातूनच म्हणाल्या, “उठा. भुका लागल्या असतीन. मी सांगतो तसं पीठ मळा.”

तेव्हापासून उकंडराव भाकरी थापतात. रुखमाबाई पाटावर बसून सांगतात, पाणी कमी घाला, कड दाबा, फिरवा. भाकर फुगली की त्या “जमली” म्हणतात. पण त्यांचे हात मांडीवर तसेच असतात, अर्धवट मिटलेले.

मी कांद्याखाली बसून हे ऐकतो. माझा एकही भाग बिघडलेला नाही. तारा नव्या आहेत, दगड कोरे आहेत, कपाळावरची पट्टी अजून चकचकीत आहे. मी कुणाच्या कामाचा नाही, एवढंच.

मित्रांनो, तुमच्या घरात आजारी माणसासाठी काही आणायचं ठरलं, तर खोली मोजा, लाइन तपासा, दुकानदाराचं ऐका. हे सगळं कराच. पण त्याआधी ज्याच्यासाठी ती वस्तू आणायची, त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, तुला काय हवंय? उत्तर मिळालं की ते ऐका. रुखमाबाईंनी उत्तर दिलं तेव्हा ते मला ऐकू आलं होतं. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.