बोंडाची नक्षी

पौष महिन्यात अमरावतीच्या हरिहर मास्तरांच्या घरी दोन कामे एकाच वेळी चालू होती, आणि दोन्ही गोदावरीच्याच हातांत होती.

पहिले काम धाकट्या चारुशीलेच्या रुखवताचे. माघात अकोल्याच्या रविकांतशी तिचे लग्न होते. मंडपात मुलीच्या हातची कला म्हणून मांडायचे क्रोशाचे टेबलपोस, भरतकामाचे अभ्रे, मण्यांचा राघू, दारावरचे तोरण असे सगळे गोदावरी करीत होती. चारुशीलेने सुई हातात धरली की तिचे डोके दुखे. मॅट्रिकला ती संस्कृतात शाळेत पहिली आली होती; पण रुखवतात श्लोक मांडता येत नाहीत.

दुसरे काम गोदावरीचे स्वतःचे होते. अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत शिवण-विणकामाच्या शिक्षिकेची जागा निघाली होती. मुलाखतीला आपल्या हातचे नमुने न्यायचे होते. त्यांत चार सुयांवर गोल विणलेली एक जोडी हवी होती. बहुतेक जणी पायमोजे नेतात. गोदावरीने बिनबोटांचे हातमोजे घेतले. मनगट आणि तळवा झाकणारे, बोटे मोकळी सोडणारे. थंडीच्या सकाळी वह्या तपासताना वडिलांची लेखणी बोटांतून निसटताना तिने पाहिली होती; त्यावरून तिला ते सुचले.

दिवसभर ती एक काम खाली ठेवून दुसरे उचलीत असे. अभ्र्याचा दोरा संपला की लोकर, लोकरीने बोटे आंबली की मणी. तरीही जोडीतला दुसरा हातमोजा मनगटाच्या वर सरकला नव्हता.

गोदावरीला तिच्या नवऱ्याने लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी माहेरी आणून सोडले होते आणि पुन्हा नेले नव्हते. आता ती तिशीला आली होती. जूनमध्ये मास्तर निवृत्त होणार होते, आणि मग आईवडील वरूडला थोरल्या भावाकडे राहायला जाणार होते. वहिनीने सासू-सासऱ्यांसाठी खोली रंगवून घेतली होती. आपण कुठे राहणार, हे गोदावरीने विचारले नव्हते आणि कोणी तिला सांगितलेही नव्हते. अकोल्याची जागा मिळाली तर हा प्रश्नच उरणार नव्हता.

रुखवताबद्दल आईने पहिल्याच दिवशी बजावले होते. "तुझा हात लागलाय हे बाहेर बोलायचं नाही हं. रविकांतच्या आई, त्या आक्का, फार कडक आहेत. शुभकार्यात टाकलेल्या..." आईने वाक्य तिथेच सोडले. गोदावरीने दोरा तोडला. तेवढेच.

साखरपुड्याच्या दिवशी गोदावरी स्वयंपाकघरातच राहिली. तिथून तिला बाहेरचे बोलणे ऐकू येत होते. रविकांतच्या बेबीकाकूंनी टेबलपोस उलटसुलट करून पाहिला होता. त्याच्या चारही कोपऱ्यांत कपाशीचे उमललेले बोंड विणलेले होते.

"ही नक्षी पुस्तकातली?" बेबीकाकूंनी विचारले.

"छे, आमच्या चारूच्या डोक्यातली," आई म्हणाली.

चारुशीलेने मान खाली घातली. मुलगी लाजरी आहे, असे सर्वांना वाटले.

मुलाखतीच्या दिवशी गोदावरी बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरून अकोल्याला पोचली. शाळेच्या कार्यालयात तिघे बसले होते: मुख्याध्यापिका, संस्थेचे चिटणीस कमलाकांत वकील, आणि नुकत्याच समितीवर आलेल्या एक बाई. त्यांना वकिलांनी "बेबीताई" म्हणून हाक मारली. आवाज ऐकताच गोदावरीने ओळखले: साखरपुड्यातल्या बेबीकाकू त्या याच. त्यांनी मात्र तिला कधी पाहिलेच नव्हते, आणि अर्जावर तिचे सासरचे आडनाव होते.

नमुने टेबलावर मांडताना ती गोष्ट पहिल्यांदाच तिच्या स्वतःच्या लक्षात आली. पूर्ण झालेल्या हातमोज्याच्या पाठीवर तेच बोंड होते. रुमालाच्या कोपऱ्यातही होते. ते तिने ठरवून घातले नव्हते. मोकळी जागा दिसली की तिचा हात तिकडेच वळे.

बेबीताईंनी हातमोजा उचलला, घातला आणि बोटे हलवून पाहिली. मग त्या पाठीकडे पाहत राहिल्या.

"हे कुणी केलं?"

"मी."

"माहेर कुठलं तुमचं?"

"अमरावती." गोदावरीने रुमाल सरळ केला. "हरिहर मास्तरांची मी थोरली."

बेबीताईंनी हातमोजा काढून खाली ठेवला. "वकीलसाहेब, हे काम माझ्या पाहण्यातलं आहे. यांची धाकटी बहीण आमची होणारी सून. तिच्या रुखवतात हेच बोंड आहे, आणि ते तिचं तिनं रचलेलं आहे असं मला तिच्या आईनं सांगितलं."

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला. कमलाकांत वकील खुर्चीत पुढे झाले.

"म्हणजे बाई, हा माल बहिणीचा?"

"नाही."

"मग बहिणीचा तो माल कुणाचा?"

एका उत्तराने गोदावरी चोर ठरत होती, दुसऱ्याने तिची आई खोटी ठरत होती आणि चारूचे लग्न आक्कांच्या पुढ्यात जाऊन पडत होते.

"गप्प बसून कसं चालेल?" वकील म्हणाले; पण स्वरात राग नव्हता. "बरं, दुसरा हातमोजा तुमचा अर्धाच आहे. तो इथेच विणून दाखवा. अंगठ्यापर्यंत आणा. दोन्ही शेजारी ठेवले की आम्हांला कळेल. साक्षीपेक्षा हे बरं."

तिला शेजारच्या शिवणवर्गात बसवले. शाळेतल्या गंगूबाईला दाराशी राखणीला ठेवले. गंगूबाई पाय पसरून बसली आणि तंबाखू मळू लागली.

"काहून बाई, याचे बोटं इनाचे राह्यले का?"

"नाही. हे असंच असतं."

"मंग थंडी कशी जाते? बोटालेच तं थंडी लागते."

"लिहिणाऱ्याची बोटं मोकळी लागतात."

"हां, मास्तर लोकायचं काम." गंगूबाईने तंबाखू तोंडात टाकली. "वकीलसाहेब अंदर म्हनून राह्यले होते का तुमी बहिनीचं काम उचलून आनलं. खरं काय?"

"तुम्हांला काय वाटतं?"

"मले काय वाटाचं? मले बस म्हनलं, मी बसली. मांगच्या साली एका बाईनं पिशवीत तयार मोजा लपवून आनला होता. तवापासून बसवते मले. पोलीसवानी."

गोदावरीने सुया हातात घेतल्या. तिने मनाशी ठरवले होते, किंवा ठरवले आहे असे तिला वाटत होते. वाईट विणणे अवघड नव्हते. नवशिक्या मुली कशा विणतात ते तिला ठाऊक होते. लोकर बोटावर न ताणता सैल सोडायची, सुई बदलताना फट राहू द्यायची, सुईवरचे एखादे घर निसटू द्यायचे. ती दोन ओळी तशा विणत गेली. खाली तिची घट्ट, सारखी वीण होती आणि वर पोकळ, वेडीवाकडी. पाहणाऱ्याला एका नजरेत कळले असते की हे दोन वेगळे हात आहेत. चारू सुटली असती. ती स्वतः संध्याकाळच्या गाडीने परत गेली असती. आणि या गावात, या शाळेत, बहिणीचे काम चोरून आणणारी एक बाई म्हणून लक्षात राहिली असती.

"हे पहिल्यावानी नाई येऊन राह्यलं बाई," गंगूबाई मान लांब करून म्हणाली. "हात थरथरून राह्यला का?"

"नाही."

तेवढ्यात बेबीताई आत आल्या. त्यांनी गंगूबाईला पाणी आणायला पाठवले आणि विद्यार्थिनींच्या बाकावर, गोदावरीच्या समोर बसल्या. सुयांवरचे काम त्यांनी वाकून पाहिले. दोन्ही ओळी पाहिल्या, खालची वीण पाहिली.

"मुद्दाम बिघडवताय," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

गोदावरीने त्या ओळी तळव्याने झाकल्या.

"म्हणजे तो टेबलपोस तुमचा. अभ्रेही तुमचेच असतील. साखरपुड्याला तुम्ही बाहेर आला नव्हतात, नाही का?"

"स्वयंपाकघरात होते."

"हं." बेबीताईंनी पदर सारखा केला. "मघाशी मी घाईनं बोलले. आत तोंडातून शब्द गेला आणि आता तो परत घेता येत नाही. आता नीट ऐका. हे असंच राहू द्या. असंच आत न्या. सराव कमी पडतो, एवढंच आम्ही म्हणू. चोरी वगैरे कुणी म्हणणार नाही, ते मी बघते. पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज करा."

"पुढल्या वर्षी जागा निघेल?"

"ते मी कसं सांगू?"

"आणि हे नीट विणून आत नेलं तर?"

बेबीताईंनी दाराकडे पाहिले. "तर वकीलसाहेबांना सगळं कळेल. त्यांचं आमच्या घरी रोजचं जाणंयेणं आहे. आक्का मला विचारतील. माझं असं आहे, गोदावरीबाई, की मला खोटं बोलता येत नाही आणि आक्कांना खरं सोसत नाही. त्यांच्या स्वतःच्या नणंदेला त्यांनी आमच्या लग्नात अक्षता टाकू दिल्या नव्हत्या. का, ते तुम्हांला सांगायला नको."

"त्यांनाही टाकलं होतं?"

"हो."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी नवरी होते," बेबीताई म्हणाल्या. "नवरी काय करते?"

बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि मुलींचा गलका उठला. गोदावरीने सुयांवरच्या घरांकडे पाहिले. चारूचा चेहरा तिने डोळ्यांपुढे आणला. तो आला, पण त्याच्या मागून वरूडची ती रंगवलेली खोलीही आली, तिच्यातल्या दोन खाटा आल्या, आणि तिसरीला जागा नसलेली भिंत आली. तिने एकेक करून सुया काढल्या, लोकर ओढली आणि दोन्ही ओळी उसवल्या.

"काय करताय?" बेबीताई अर्ध्या उठल्या.

"चुकलं होतं ते काढतेय."

मोकळी झालेली घरे तिने पुन्हा सुयांवर घेतली आणि विणू लागली. बेबीताई उभ्याच राहिल्या. एकदा त्यांनी हात पुढे केला, जणू काम काढूनच घेणार होत्या. मग तो हात त्यांनी बाकावर टेकला. गंगूबाई पाणी घेऊन आली. ते कोणीच प्यायले नाही.

आत कमलाकांत वकिलांनी दोन्ही हातमोजे शेजारी ठेवले. दुसऱ्याच्या पाठीवर बोंड अर्धे उमललेले होते.

"हात एकच आहे," ते म्हणाले. "मघाचा शब्द मी मागे घेतो, बाई. आणि रुखवताचं म्हणाल तर..." ते थोडे हसले. "आमच्या हिच्या रुखवतात एक ताजमहाल होता. तो तिच्या मामानं केला होता."

मुख्याध्यापिका हसल्या. बेबीताई हसल्या नाहीत. नेमणूक जूनपासून ठरली. तिघांनी सह्या केल्या, बेबीताईंनी शेवटची. व्हरांड्यात त्यांनी गोदावरीला गाठले.

"मी आपण होऊन काही सांगणार नाही. विचारलं तर लपवणार नाही. तुमच्या घरच्यांना तयार राहायला सांगा."

गोदावरी घरी पोचली तेव्हा दिवे लागले होते. चपला काढताकाढताच तिने सगळे सांगितले. थांबली असती तर सांगता आले नसते. मास्तर झोपाळ्यावरून उठून उभे राहिले. आईने कपाळाला हात लावला.

"मुद्दाम चुकायला काय झालं होतं गं तुला? दोन ओळी वाईट विणल्या असत्या तर हात झडला असता?"

"विणल्या होत्या, आई. मग उसवल्या."

"का?"

गोदावरीने चपला भिंतीकडे सरकवल्या. जूनमध्ये मी कुठे राहणार होते, हा प्रश्न तिने या घरात कधीच मोठ्याने विचारला नव्हता.

चारुशीला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "बेबीकाकू आक्कांना सांगतील?"

"विचारलं तर सांगेन म्हणाल्या."

"म्हणजे सांगतील." तिचा आवाज चिरका झाला होता. "मला एकदा तरी कुणी विचारलंत का? तू करताना नाही, आईनं माझ्या नावावर खपवताना नाही, आणि आज उसवतानाही नाही."

"तू तिथे नव्हतीस, चारू."

"असते तर? नको म्हटलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नाही. तरीही विणलं असतं."

"निदान खरं तरी बोललीस."

"अगं, जन्माचं वाटोळं करून वर खरं कसलं?" आई म्हणाली.

"तू गप्प बस आई!" चारुशीला असे कधी बोलली नव्हती, मास्तरांनीही दचकून पाहिले. "साखरपुड्याला त्यांनी नक्षी कुठली म्हणून विचारलं तेव्हा मला दरदरून घाम फुटला होता. रात्रंदिवस एकच घोर होता. तिथे गेल्यावर कुणी म्हणालं, सूनबाई, माझ्यासाठी एक टोपी विण, तर काय करू? दर दिवाळीला अमरावतीहून पार्सल मागवू? म्हातारी होईपर्यंत?"

"कुणी विणायला सांगत नाही नव्या सुनेला," आई पुटपुटली.

"सांगतात. बेबीकाकूंनी त्याच दिवशी सांगितलं होतं. मी हो म्हटलं."

चुलीवर भाताचे झाकण वाजत होते. आई उठली नाही.

"मोडलं तर?" चारुशीलेने गोदावरीला विचारले. आता आवाज खाली आला होता.

"तर माझ्यामुळे मोडलं."

"ते मला पुरणार आहे का?"

"नाही."

चारुशीला वडिलांकडे वळली. "बाबा, हे निस्तरायला उद्या तुम्ही आक्कांकडे अकोल्याला जाणारच ना? मी येते तुमच्याबरोबर."

"लग्नाआधी? सासरी?" आई उभी राहिली. "लोक तोंडात शेण घालतील!"

"आक्का बेबीकाकूंना विचारणार, त्याआधी मलाच विचारू देत. मला यातलं काही येत नाही, हे मीच सांगते. ताईनं केलं म्हणूनही सांगते. नंतर त्यांना सून हवी की टेबलपोस, ते त्या ठरवतील."

मास्तरांनी झोपाळ्याची कडी धरली. त्यांनी एवढेच विचारले, "आक्का दारातूनच परत फिरवतील, हे ठाऊक आहे ना तुला?"

"आहे."

"बरं," मास्तर म्हणाले.

सकाळी स्टेशनला जायचा टांगा दाराशी आला तेव्हा आई देवघरातून बाहेर आली नाही. गोदावरी फाटकापर्यंत गेली. चारुशीलेने साधे सुती लुगडे नेसले होते. रात्री ती झोपली नव्हती हे डोळ्यांवरून दिसत होते.

"मीही येऊ का?" गोदावरीने विचारले.

"नको. तू आलीस तर त्या तुझ्याकडेच बघत राहतील. आणि माझा राग गेलेला नाही अजून, ताई. सगळं नीट झालं तरी काही दिवस राहील."

"राहू दे."

मास्तर आधीच पुढे बसले होते. चारुशीला मागच्या बाजूला, घराकडे तोंड करून बसली, आणि टांगेवाल्याने लगाम सैल सोडला. पण टांगा वळेपर्यंत तिने घराकडे पाहिले नाही. ती ओठ हलवून काहीतरी म्हणत होती. आक्कांपुढे म्हणायचे वाक्य असावे.